जुना युजर काढला तेव्हा

लग्नात माझं नाव बदललं. आडनाव तर सगळ्यांचंच बदलतं, पण माझं पहिलं नावही बदललं, कारण जे माझं तेच माझ्या नणंदेचं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालणार? ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते तांदूळ परत डब्यात ओतले. दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला असणार. मी जेवले. कसा लागला ते आठवत न्हाई.

वाईट वाटलं का, तर तसंबी न्हाई. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत न्हाई, तसं काहीतरी. फरक एवढाच, की ते गालाचं संध्याकाळपर्यंत उतरतं.

नव्या नावानं हाक आली की मी ढिम्म. आत्याबाई हाका मारून बेजार व्हायच्या, मग नणंदेला म्हणायच्या, "तुझी वहिनी बहिरी हाय का गं? सोयरीक करताना सांगितलं न्हाई त्यांनी." आणि नणंदेला हाक मारली की मी हातातलं टाकून "ओ" द्यायचे. मग त्या दोघी हसायच्या. मी पण हसायचे.

आता ऑफिसचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथली हाय. परभणीत एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी लग्नाच्या आधीपासून टायपिस्ट. हात लय फास्ट, साहेब म्हणायचे, "मॅडम, जरा हळू, मशीन नवीन हाय." कंपनीनं कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. थंड खोलीत एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले टीव्हीसारखे तीन पडदे. चपला दाराबाहेर काढायच्या. औरंगाबादचा इंजिनिअर येऊन शिकवून गेला. साहेब एका बोटानं एकेक अक्षर हुडकत बसायचे, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्यानं मला देऊन ठेवला. त्या पासवर्डनं आत गेलं की मशीनमधलं काहीही ठेवता येतं, काहीही काढता येतं. साहेब म्हणाले, "चला, आता ऑफिसची मालकीण ह्याच. मी नुस्ता सहीपुरता."

पण रोजच्या कामाला मी माझ्या साध्या नावानंच आत जायचे. काळ्या पडद्यावर हिरवं 'लॉगिन' यायचं, मी माझं नाव टाकायचे, इंग्रजीत, सगळी बारीक अक्षरं. मग पासवर्ड, तो दिसत न्हाई. मग मशीन 'वेलकम' म्हणायचं आणि पुढं माझं नाव. जुनंच. ऑफिसात सगळे मॅडम म्हणायचे, घरी नवं नाव, आणि माहेर तिकडं राणीसावरगावला. परभणीत त्या नावानं मला ओळखणारं ते मशीनच तेवढं राहिलं होतं. तेव्हा असा काही विचार केला न्हाई. सकाळी लवकर जायला लागले, एवढंच.

गडबड बिलांमुळं झाली. बिलाच्या खाली, बिल कुणी केलं त्याचं पूर्ण नाव छापून यायचं. आडनाव ऑफिसनं कधीच बदललं होतं, पहिलं नाव राहून गेलेलं. म्हणजे माझं जुनं नाव आणि सासरचं आडनाव. म्हणजे झालं काय, तर नणंदेचं नाव.

आणि नणंदेला जे स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या काकांचं बियाण्याचं दुकान. त्यांच्या हातात ते बिल पडलं. निरोप आला, "पोरगी घरीच असते म्हणालात, इथं तर ती बिलं करायलीय. अजून काय काय लपवलंय?"

आत्याबाईंनी शनिवारची वाट बघितली. शनिवारी हे येलदरीहून आले. पॉवर हाऊसला नोकरी, आठवड्यातून एकदा घरी. जेवताना म्हणाले, "ते कंपनीतलं नाव बदलून घे की. तिची सोयरीक मोडायची उगीच."

"बरं," मी म्हणाले.

"लय अवघड असतं का ते?"

"न्हाई. सोपं असतं."

इंजिनिअरला बोलवायचं होतं, पण ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. चौकाचौकात पोलीस, औरंगाबादकडची एसटी बंद. त्यानं फोनवरच सांगितलं, "मॅडम, तुमीच करा. नवीन युजर टाका, मग जुना काढा. फायली कुठं जात न्हाईत, फिकर करू नका."

मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत गेले. नवा युजर टाकला. जुना काढायला सांगितलं तेव्हा मशीननं इंग्रजीत विचारलं, नक्की काढायचं का. मी वाय दाबलं, म्हणजे हो. माझे हात लय फास्ट, मी म्हणालेच. मागून साहेब म्हणाले, "झालं? एवढंच?"

"एवढंच."

मग फायली हायत का बघावं म्हणून यादी काढली. सगळ्या होत्या. फक्त फायलीच्या मालकाच्या जागी जिथं माझं नाव असायचं, तिथं एक आकडा आला होता. दोनशे चार. पानभर खाली खाली दोनशे चार. फोनवर इंजिनिअर म्हणाला, "आतनं मशीनला आकडाच माहीत असतो. नाव आपल्यासाठी. नव्या नावावर करून घेता का त्या?" मी म्हणाले राहू द्या.

त्या संध्याकाळी घरी आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून नव्या नावानं हाक मारली आणि मी पहिल्याच हाकेला "ओ" दिली. त्यांनी डोकं बाहेर काढून बघितलं. "आज बरं ऐकू आलं गं? जा, दळण घेऊन ये." मी पिशवी घेतली.

सोयरीक जमली. उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात मी नणंदेच्या मागं उभी होते, पदर सावरायला. मुलानं ताटातल्या तांदळात नाव लिहिलं आणि सगळे वाकून बघायला लागले. वेगळंच होतं. तिच्या सासरी पत्रिका बघून पहिलं नाव बदलतात म्हणे. नणंदेनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिचा पदर नीट केला.

आता आमच्या घरात त्या नावाचं कुणीच न्हाई. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अजून माझ्याकडंच हाय. फायली हायत, दोनशे चारच्या नावावर. मी सकाळी चपला काढून आत जाते, नवं नाव टाकते, मशीन 'वेलकम' म्हणतं, मी बिलं करायला लागते.