पायाळूचा पाय

आमची पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, धरणगावचा. हिंमत लान्स नायक, चोपड्याकडचा, घरी केळीची शेती. प्लॅटूनमध्ये खान्देशी आम्ही दोघेच. त्यामुळे तो मला हवालदारसाहेब कमी आणि भाऊ जास्त म्हणायचा. ड्यूटीवर हिंदी, चहावर अहिराणी.

हिंमत पायाळू होता. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला त्याचा पाय लावून घेतात. हे त्याने प्लॅटूनला सांगितलं आणि झालं! जाट काय, गढवाली काय, सगळे पाठ उघडी करून हजर. नर्सिंग असिस्टंट चिडायचा. मग एकदा त्याचीच कंबर धरली, तेव्हा तोही गुपचूप येऊन पालथा झोपला.

रॉकेलचा जेरीकॅन उचलताना माझ्या कमरेत कळ आली. तिथून मांडीच्या मागून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, करंट लागावा तशी. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "सायटिका. वजन उचलायचं नाही. हेलिकॉप्टर आलं की खाली जा." हेलिकॉप्टर काही आलं नाही. हिंमत रोज सकाळी त्या थंडीत बूट-मोजे काढायचा आणि माझ्या कमरेवर पाय ठेवायचा. मी ओरडायचो, "अरे, पाय आहे की बर्फाची लादी?"

"भाऊ, फुकटना डॉक्टरले नावं ठेवू नको," तो म्हणायचा.

खालच्या चौकीवरून रेशन आणायला पेट्रोल, म्हणजे जवानांची तुकडी, जायची. त्या दिवशी लीडर मी होतो. प्लॅटून कमांडर साहेबांनी माझं चालणं पाहिलं.

"हवालदार, तुम सेट पे बैठो. हिम्मत लेके जाएगा."

"जी साहब."

हवामान साफ होतं. पेट्रोलचं रेडिओवरचं नाव चार्ली. दहाच्या सुमारास रेडिओ सेटवर त्याचा आवाज आला. "चार्ली टू बेस. दूसरी रस्सी पार. सब ठीक. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

जरा थांबून तो अहिराणीत बोलला, "भाऊ, पाय कसा शे? ओव्हर."

"बरा शे. ओव्हर."

आणि खरंच, त्या सकाळी कळ कमी होती.

थोड्या वेळाने वरच्या उतारावरून मालगाडी जावी तसा आवाज झाला. बर्फाचा कडा सुटला होता. मी सेटचं बटण दाबलं. "चार्ली, जवाब दो. ओव्हर." नुसती खरखर. "चार्ली, जवाब दो." बाकीचे फावडी घेऊन धावले. मीही निघालो, पण वाटेवर बांधलेल्या पहिल्याच रस्सीपाशी पायाने दगा दिला आणि आडवा झालो. साहेबांनी मला परत सेटवर बसवलं. दुपारी खबर आली. "बाकी सब ज़िंदा हैं. हिम्मत नहीं रहा. ओव्हर." अशा वेळीही रॉजर म्हणावं लागतं. म्हटलं.

आता मी पेन्शनीत. यंदा तीच कळ पुन्हा आली, तीच वाट धरून. पायाचा अंगठा वर उचलेना, चालताना चप्पल निसटायची. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. हिंमत गेला त्या दिवशी दरवर्षी मी त्याच्या गावी जातो, त्याच्या फोटोपुढे सावधानमध्ये उभा राहून सॅल्यूट देतो. त्याची आई, अक्का, माझी वाट बघते. यंदा उभं राहता येईल का? बायको म्हणाली, "नशिराबादला एक पायाळू बाई आहे, पाय लावून घ्या ना." मी तिच्यावर असा खेकसलो की बिचारी चहाचा कप तिथेच ठेवून निघून गेली.

शेवटी जळगावात फिजिओथेरपीला गेलो. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी टाचांवर चालायला लावलं, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "आता कंबर बघू."

मी म्हटलं, "दुखतोय पाय आणि तुम्ही बघणार कंबर! आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला."

"आबा, रेडा कमरेतच बसलाय. पायात नुसती त्याची शेपटी." त्या हसल्या. मीही हसलो आणि पालथा झोपलो.

त्यांनी कमरेवर तळहात ठेवला. बरोबर त्याच जागी. हात गार होता. मी टेबलावरून उतरून कधी भिंतीला टेकलो, कळलंच नाही. घामाने बनियन भिजला होता.

मॅडमनी विचारलं, "आबा, चार्ली कोण?"

म्हणजे मी मोठ्याने बोललो होतो. मग सांगितलं त्यांना सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून, "हात ठेवतेय हं, आबा," असं सांगितल्याशिवाय त्यांनी हात लावला नाही.

त्यांनी शिकवलं ते मी परेडसारखं केलं. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. खुर्चीत बसून गुडघा हळूच सरळ करायचा, पंजा आपल्याकडे घ्यायचा, कळ सुरू व्हायच्या आत सोडायचा. "नस ताणायची नाही, हलती ठेवायची," त्या बजावायच्या. "आणि झोपून राहायचं नाही." हळूहळू कळ मांडीपर्यंत मागे सरकली. अंगठा उचलायला लागला. पुरता नाही, पण लागला.

हिंमतच्या दिवशी गेलो. सॅल्यूट दिला. हात खाली येईपर्यंत पाय लटपटायला लागला. अक्कांनी दंडाला धरून मला ओट्यावर बसवलं.

"पायले काय व्हयनं, भाऊ?"

इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी ड्यूटीपलीकडचं बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. हिंमत सगळ्यांच्या पाठीला पाय लावायचा ते, आणि रेडिओवर शेवटी त्याने माझ्या पायाचीच चौकशी केली ते.

अक्कांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पायाळूवर आभायनी इज पडस म्हणतंस. ढग गरजनात का मी त्याले घरमा कोंडी ठेवू. रडे, पन बाहेर जाऊ नही दिधा." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "इजपाइन मी जपं रे भाऊ त्याले. बरफनं माले कोनी सांगंच नही."