एकवीस टोले

आईची पूजेची घंटा बंद पाडणाऱ्या त्या माणसाला मी अजूनही माफ केलेलं नाही. करणारही नाही.

२००५ साली मी उइटहॉर्न या डच गावात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आली होती. येताना देव आणले, निरांजन आणलं आणि मुठीवर गरुड असलेली पितळी घंटा. सकाळी साडेसहाला, मी ऑफिसच्या तयारीत असताना, तिची पूजा चालायची. घंटा वाजायची ती जेमतेम मिनिटभर.

दुसऱ्याच आठवड्यात टपालपेटीत टाइप केलेलं पत्र आलं. भिंतीपलीकडच्या निवृत्त गृहस्थांचं. रोज पहाटे घंटेचा त्रास होतो, तातडीने थांबवावं, प्रत इमारतीच्या समितीला. अहो, दार चार पावलांवर! वाजवून बोलला असता तर आईने हातावर लाडू ठेवला असता.

मी आईला पत्राचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिने घंटेच्या लोलकाला कापसाची वात गुंडाळलेली. आरती म्हणत ती घंटा हलवत होती आणि आवाज येत नव्हता. मी बूट घालता घालता रडले. थांब म्हाताऱ्या, म्हटलं, तुला दाखवते.

कारण त्याच्याकडे होतं एक लाकडी, लांब लंबकाचं, भिंतीवरचं घड्याळ. आमच्या सामाईक भिंतीवरच टांगलेलं. तासाला तितके टोले, अर्ध्या तासाला एक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या!

त्या सुमारास मी संध्याकाळी डच शिकायला जायचे. बाईंना शब्दांचं भारी वेड. एकदा त्यांनी फळ्यावर ओळीने लिहिलं: डच क्लोक, जर्मन ग्लोके, इंग्रजी क्लॉक, स्वीडिश क्लोका. म्हणाल्या, सगळी एकाच घरची भावंडं. जर्मनने फक्त घंटा ठेवली, इंग्रजीने फक्त घड्याळ, आम्ही दोन्ही. मूळ मात्र घंटाच, कारण पूर्वी गावाला वेळ कळायची ती घंटेवरूनच. मला आपला तास आठवला. ज्या काशाच्या थाळीवर टोले द्यायचे तीही तासच की! वर्गात सगळे वहीत लिहून घेत होते आणि माझ्या डोक्यात भिंतीपलीकडचा म्हातारा होता.

त्या देशात तोंडाने भांडत नाहीत, अजेंड्यावर भांडतात. मी महिनाभर पहाटे पाचपासून टोले मोजले. पाच, एक, सहा, एक, सात, एक. आठ वाजायच्या आत एकवीस. गणपतीच्या दूर्वांइतके! तारीखवार तक्ता केला आणि रीतसर मुदतीत समितीकडे विषय पाठवला: सकाळी आठच्या आत कुणाच्याही घरातून घंटा नको.

बैठकीत माझ्या मोडक्या डचमध्ये मी फळ्यावरची ती ओळ ऐकवली. म्हटलं, तुमच्याच भाषेत हे आणि ते एकच, मग नियमही एकच हवा. लोक हसले. म्हातारा लालबुंद झाला. म्हणाला, घड्याळ बापाचं आहे, टोले वेगळे बंद होत नाहीत, अख्खं घड्याळच थांबवावं लागेल. मी म्हटलं, थांबवा. हात वर झाले, ठराव पास. काय गार वाटलं म्हणून सांगू!

घरी आले ती नाचतच. "आई, वात काढ! आठनंतर खुशाल वाजव. आणि त्याचं घड्याळ कायमचं बंद पाडलं!"

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"अगं, बंद का केलंस? तू साडेसातला जातेस ती संध्याकाळीच उगवतेस. दिवसभर या घरात तेवढाच एक आवाज होता मला. दोन वाजले की म्हणायचे, आता चारच तास राहिले."

तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

"जा, सांग त्यांना चालू करायला. तिकडे घड्याळ गप्प, मग मी एकटीनेच काय वाजवायचं?"

चार पावलांवर दार होतं. अजून तीन आठवडे आई तिथे होती. ती रोज विचारायची, "गेलीस का?" मी म्हणायचे, जाते. गेले नाही. पत्र त्याने लिहिलं होतं, मी का वाकू?

परतताना तिने देव बॅगेत ठेवले, मग घंटा. लोलकावरची वात तशीच होती.