आल्गोतकाकांनी धरलेला चेहरा

आल्गोतकाकांचे डोळे अधू झालेत, हे फक्त मला ठाऊक होतं. कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटीच्या चेहऱ्यापर्यंत मोजायची फीत धरायची, आकडा वाचायचा, भिंग तेवढं फिरवायचं. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. दोन बोटं चुकली की चेहरा पुसट. १९४७च्या उन्हाळ्यात मोतीबिंदूनं आकडेच दिसेनासे झाले. मग फीत ते धरायचे आणि आकडा मी हळूच सांगायचे. मी पडले वहीत नोंदी ठेवणारी पोर. फितीजवळ उभी राहिले तरी कुणाला काय कळणार!

"गुनेल, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. कुठं बोललीस तर बघ," असं काका दटावायचे.

दिग्दर्शक लिंडमार्क एकोणतीस वर्षांचा. आधीचे दोन चित्रपट सपशेल आपटलेले, आणि हा तिसरा स्वीडनमधल्या आमच्या बेटावर चाललेला. भारी खडूस! चूक झाली की हातातला कप भिरकावायचा. मला वाटतं, तोही आतून आमच्याइतकाच टरकलेला होता.

नटीच्या चेहऱ्याचा शेवटचा शॉट होता त्या दिवशी नेमकं त्यानं मला लांब बोलावून घेतलं. काकांनी फीत एकट्यानंच लावली, बोटांनी चाचपून. संध्याकाळच्या बोटीनं नटी स्टॉकहोमला गेली, रीळही गेलं. धुऊन परत यायला तीन दिवस. तीन दिवस काकांनी हेरिंग मासळीला हात लावला नाही, नुसती कॉफी ढोसली. ते उघडे पडले, तर मीही गेलेच की!

चौथ्या दिवशी सकाळी शाळेच्या खोलीत पडदे ओढून रीळ लावलं. रीळ चालू असताना ब्र काढलेला लिंडमार्कला खपायचा नाही. समोर नटीचा चेहरा आला. काका कुजबुजले, "गुनेल, कसा आलाय गं?"

लिंडमार्कनं वळून पाहिलं. मी नुसता काकांचा हात घट्ट दाबला.

काका ताडकन उभे राहिले. "साहेब, चूक माझी आहे. मला फितीवरचे आकडे दिसत नाहीत. चेहरा पार पुसट आलाय, बाईंना परत बोलवावं लागेल."

दिवा लागला. "पुसट?" लिंडमार्क म्हणाला. "अहो आल्गोत, पापणीचा केस न् केस दिसतोय."

"खरंच?" काका केवढे हसले! मग हात दाबण्याचा उलटाच अर्थ घेऊन आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं आणि ते मटकन खाली बसले.

लिंडमार्कनं कप उचलला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आणि इतके दिवस आकडे कोण वाचत होतं?"

काकांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "मीच वाचत होतो. या शॉटच्या दिवसापासूनच दिसेना."

मी मान खाली घालून वहीत रिळाचा क्रमांक लिहिला. दुपारच्या बोटीनं काका नोकरी गमावून गेले. मी धक्क्यावर निरोप द्यायलासुद्धा गेले नाही. कुणी बघितलं असतं तर!