साळूबाईचा माळा

साळूबाईच्या गोफणीचा नेम चुकलेला तोरण्याखाली कुणी पाहिला नव्हता. बाई तापट, आधी दगड आणि मग चौकशी. आदल्या साली रानडुकरानं तिच्या नवऱ्याचं, भिमाचं, पोट फाडलं. तेव्हापासून नाचणीच्या राखणीला ती एकटीच माळ्यावर बसायची. माळा तिनंच उभारलेला. ऐनाची चार वाकडी खोडं, मुळ्या वर करून रोवलेली, रानवेलींनी करकचून आवळलेली, वर बसायला बांबूंची बैठक.

शेजारचा गेनबा हसायचा, "वैनी, धड सरळ लाकूड मिळंना व्हय?"

"वाकड्याला वाकडंच घट धरतं. तुला काय कळतंय?"

भोरला मानसिंग नावाचा फोटोवाला होता. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण वेड भलतंच. गवताच्या गंजी, धनगरांचे मेंढरं कोंडायचे दगडी वाडे, असले माळे धुंडत हिंडायचा आणि देवळातल्या मूर्तीपुढं उभं राहावं तसा त्यांच्यापुढं उभा राहायचा. साळूबाईचा माळा त्यानं वेल्ह्याच्या वाटेवरून पाहिला. कार्तिकात एका सकाळी, धुकं विरायच्या आत, तो न विचारता नाचणीत शिरला. विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? पण धुकं थोडंच थांबतंय!

तिपाईवर कॅमेरा, त्यावर काळं फडकं, फडक्यात वाकलेला माणूस. वरून साळूबाईला दिसलं ते पिकात हलणारं काळं धूड. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आलास व्हय रं भाड्या!"

पहिल्या दगडानं कॅमेऱ्याची काच फुटली. मानसिंग उठतोय तोवर दुसऱ्यानं त्याचा उजवा डोळा फोडला. तो फडक्यासकट कोसळला. साळूबाई कुऱ्हाड घेऊन धावली, घाव उगारला, आणि फडक्यातून माणसाचा हात बाहेर आला. कुऱ्हाड कानाजवळ मातीत रुतली.

"आगं बया! माणूस हाय ह्यो!"

रक्त थांबेना. तिनं पदर फाडून डोळा बांधला, गेनबाला हाका मारल्या. भोरला न्यायला डोली हवी, डोलीला बांबू हवेत. बांबू माळ्याच्या बैठकीत आवळलेले, खोडं तोडल्याशिवाय निघणार नव्हते. ती कुऱ्हाड घेऊन वळली, तसा मानसिंग गुडघ्यांवर सरपटत आला.

"मोडू नका तो! पाया पडतो, बाई. त्याच्यासाठीच आलोय. असलं घडवलेलं मी कुठं पाहिलं नाही."

"लाकडासाठी रडतोस? डोळा गेला तुजा, मुडद्या!"

"दुसरा आहे."

साळूबाईचा हात अडला. तिच्या हातच्या कामाला जन्मात कुणी बरं म्हटलं नव्हतं. पण पदर रक्तानं चिंब झाला होता. तिनं हंबरडा फोडला आणि घावावर घाव घातले. मानसिंग उरल्या डोळ्यानं बघत राहिला. शेवटी माळा आडवा झाला.

मानसिंग जगला. साळूबाईनं मात्र पुन्हा माळा बांधला नाही, बांधावर उभी राहून राखण करायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बगणाऱ्याचा डोळा म्याच फोडला. आता बांधू कुणासाठी?"