टपावरची नवी काच

निवृत्तीची जुनी मॅटाडोर म्हणजे चाकांवरचं घरच. टपावरच्या काचेभोवतीचं डांबर दर उन्हाळ्यात खरवडून तो नव्यानं भरायचा आणि वरून बादल्या ओतायचा. आत खडू घेऊन बसलेल्या मेव्हण्यानं, रामनाथनं, गळेल तिथं फुली मारायची.

“थेंबबी नाय, दाजी!” रामनाथ दरवेळी ओरडायचा. तरी पावसाळ्यात अंथरुणं भिजायचीच. निवृत्ती आपल्याच हातांना शिव्या घालायचा, आणि रामनाथ म्हणायचा, “गाडी द्या ना मला भंगाराच्या भावात.”

सत्त्याण्णव साली निवृत्तीनं धुरकट काच काढून नवी बसवली. बादली ओतली. “थेंबबी नाय!” आतून आरोळी आली. निवृत्तीनं काचेतून खाली पाहिलं. रामनाथ टॉवेलनं भराभर थेंब पुसत होता. खडू खिशातच होता.

निवृत्ती खाली उतरला. तोच खडू काढून त्यानं मेव्हण्याच्या कपाळावर फुली मारली.

“गळती सापडली,” तो म्हणाला.