कॅटलॉग पालथा ठेवणारा माणूस

गिऱ्हाइकासमोर बसले की ते आपलाच कॅटलॉग टेबलावर पालथा ठेवायचे आणि विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. काम कोन करनार, ते सांगा." कॉम्प्युटर विकायला निघालेला माणूस अशी सुरुवात करतो का कधी? तुम्ही पाहिला असेल तर मला कळवा.

पेणला त्यांचं लहानसं दुकान होतं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत वडखळपासून धाटावपर्यंत जो तो कॉम्प्युटर घ्यायच्या मागे लागला होता आणि हे स्कूटरवरून फिरत सगळ्यांना सल्ले देत. एका भातगिरणीवाल्याला शेजाऱ्याकडे आला म्हणून कॉम्प्युटर हवा होता. ह्यांनी गिरणीत अर्धा दिवस काढला, अंगभर कोंडा घेतला आणि म्हणाले, "शेठ, तुमाला आत्ता नको. उगा कोंड्यात मरंल तो." चालून आलेलं गिऱ्हाईक परतवून लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

रोह्याला माझा छापखाना. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, कंपन्यांचे गेटपास. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला तात्या, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मी स्पीकरबिकर सगळं असलेला कॉम्प्युटर मनात पक्का केला होता आणि तो चालवायला कोर्स केलेली एक मुलगीही. तात्यांना काय सांगायचं, ते मात्र पुढे ढकलत होतो. त्यांना ते कळलं होतं. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

पेणवाले आले, कॅटलॉग पालथा झाला, प्रश्न आला. मी मुलीचं सांगितलं.

"आनि ह्ये?" त्यांनी तात्यांकडे बघितलं.

तात्याच म्हणाले, "आमचं काय, झालं आता आमचं."

"पत्रिकेतली चूक कोन पकडतो हितं?"

"मीच की. दुसरा हाय कोन?"

"मंग तुमीच चालवनार."

दुपारभर ते तात्यांशेजारी स्टूल टाकून बसले. तात्या उभ्यानेच जुळणी करायचे, सगळा जन्म तसाच गेलेला. डोळे अधू झालेले. निघताना पेणवाल्यांनी माझी यादी खोडली. स्पीकर गेले, मोठा पडदा आला आणि सुताराला छातीइतक्या उंचीचं टेबल सांगितलं गेलं. मी चिडलो, खोटं कशाला बोलू!

"कॉम्प्युटरपुढं कोणी उभं राहतं का?"

"ह्ये ऱ्हातील."

पुढे दोनेक महिने ते दर गुरुवारी यायचे. प्रत्येक कळीवर त्यांनी मराठी अक्षराची चिठ्ठी चिकटवली, काने-मात्रा लाल शाईने. तात्या चुकले की म्हणायचे, "खिळा पडला हातातनं. उचला, परत लावा." गणपतीपर्यंत तात्या एकट्याने पत्रिका करू लागले. मुलीलाही मी घेतलं, पण तात्यांच्या हाताखाली. पेणवाल्यांवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

आणि इतकं असून आम्ही त्यांचं नाव कधी विचारलं नाही. आमचे ते पेणवालेच.

तीन-चार वर्षांनी एक गृहस्थ उत्तरकार्याच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. "बाबा तुमच्याकडं यायचे," म्हणाले. दुकानाचं नाव सांगितलं, तेव्हा मला कळलं बाबा कोण ते. ते गेल्यावर मी कागद मुकाट्याने तात्यांसमोर ठेवला.

तात्यांनी कोणा परक्याचा करावा तसा तो झरझर केला. नाव, तारीख, वेळ. मग सवयीने विचारलं, "कुठले ह्ये?"

"आपले पेणवाले."

त्यांचे हात थांबले. बराच वेळ ते पडद्यावरचं नाव वाचत राहिले. मग मला न विचारता ते मोठं करू लागले. थोडं वाढवायचे, मागे सरून बघायचे, पुन्हा वाढवायचे. नाव दोन्ही समासांना जाऊन टेकलं. उत्तरकार्याच्या पत्रिकेत असं करत नाहीत.

मी तशीच छापली.