नाऱ्यासाठी, हलकी

वॉल्टरचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवर गाडीत बसलो होतो आणि माझी बायको शुभा दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होती. वॉल्टर नावाच्या कुणालाही मी ओळखत नव्हतो. तो पेनसिल्व्हेनियातून बोलत होता, तिथल्या नेमबाजीच्या एका रेंजचा मालक. म्हणाला, तुमचा मित्र शनिवारी आला नाही, चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता, म्हणून मी घरी जाऊन दार वाजवलं, मग पोलिसांना बोलावलं... पुढचं मला नीट आठवत नाही. पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला ते आठवतं, आणि ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी विचारलं, "त्यानं स्वतःच...?" "नाही हो," वॉल्टर म्हणाला, "हृदय. झोपेत गेला." चाळीस वर्षं जुन्या मित्राबद्दल मला आधी तेच सुचलं. आणि शनिवारी तो आला नाही हे कळलं कुणाला, तर या परक्या माणसाला.

दिगंबर, म्हणजे आमचा दिग्या. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, चौघांत मिळून एक कुकर. एकदा घरात उंदीर शिरला. आम्ही तिघं झाडू घेऊन त्याच्या मागे, तर दिग्यानं तो बुटाच्या खोक्यात धरला आणि भर थंडीत कॅम्पसच्या बसनं शेवटच्या स्टॉपपर्यंत नेऊन शेतात सोडला. ड्रायव्हरनं विचारलं, खोक्यात काय आहे? हा म्हणे, "रूममेट." असला माणूस. शिक्षण संपल्यावर मी न्यू जर्सीत आलो, तो तिथेच नोकरीला राहिला. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको माधवी गेली. मुलगी केतकी सिअ‍ॅटलला. रविवारी फोन करायची, हा मराठीत विचारायचा, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, दहा मिनिटांत आटपायचं. आणि माधवीला वर्ष व्हायच्या आत या पठ्ठ्यानं रिव्हॉल्व्हर घेतलं.

मला फोनवर सांगितलं तेही असं, की जणू घरात नवीन मिक्सर आलाय. "चव्वेचाळीस मॅग्नम. खेचरासारखी लाथ मारतं यार." मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं दांडगं काडतूस, हेही मला त्यानंच शिकवलं. मी म्हणालो, "तुझं डोकं फिरलंय का? उंदराला बसचं तिकीट काढणारा तू, कुणाला मारणारेस?" तो हसला. "कागदाला. अरे, दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं, श्वास रोखावा लागतो. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही राहतच नाही. आणि शेजारच्या बाकावरचा विचारतो, हाउ आर यू, डिग? आठवड्यात मला दुसरं कोण विचारतं?" मी फक्त रिव्हॉल्व्हरबद्दलचं ऐकलं. शेवटचं वाक्य मला आत्ता ऐकू येतंय.

तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला त्यानं आम्हाला बोलावलं. आता इथे आपण सगळेच पाटावर लॅपटॉप ठेवतो, गाडीची किल्ली ठेवतो, विळी-कात्री ठेवतो. दिग्यानं पाटाच्या मधोमध ते भलंमोठं रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं, आतली चक्री उघडून, रिकामी करून. लाकडी मुठीवर हळद-कुंकू वाहिलं होतं, वर झेंडूचं फूल. शुभा ते बघून जागीच थबकली. तेवढ्यात आमची चार वर्षांची नात दुडुदुडु गेली आणि फुलासाठी हात पुढे केला. शुभानं तिला उचललं आणि सरळ गाडीत जाऊन बसली. दिग्या श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन दारात आला. मी त्याला ठणकावून सांगितलं, "हे घरात आहे तोवर आम्ही या घरात पाय ठेवणार नाही." तो एवढंच म्हणाला, "रिकामं आहे रे नाऱ्या." शुभाचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. लहान लेकरू आणि ती वस्तू एका खोलीत नकोच. पण लेकराला घरी ठेवून एकट्यानं जायला मला कुणी बांधून ठेवलं होतं का?

तो फोन करत राहिला. मीच रागात होतो, तो नव्हता. "घरी येऊ नकोस, रेंजवर ये. एकटा ये. माझ्या शेजारी बस नुसता." मी मनगट दुखतं असं सांगायचो. तो म्हणायचा, "तुझ्यासाठी हलकी भरतो. कमी दारूची. मनगटाला कळणारसुद्धा नाही, शब्द देतो." रिकामी पितळी काडतुसं तो घरीच पुन्हा भरायचा. मी म्हणायचो, बघू. बघू म्हणजे नाही, हे आपल्यात कुणालाही कळतं. त्यालाही कळत होतं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचा...

केतकीनं घर आवरलं आणि रिव्हॉल्व्हर वॉल्टरकडे विकायला ठेवलं. गेल्या शनिवारी मी शुभाला सांगून तिकडे ड्राइव्ह करत गेलो. काउंटरमागच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नारया?" त्या नावानं हाक मारायला दिग्याशिवाय कुणी उरलेलं नव्हतं. त्यानं फळीवरून प्लॅस्टिकची एक डबी काढली. वर पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि त्यावर दिग्याचं तिरकं अक्षर: नाऱ्यासाठी, हलकी. "दर वर्षी नवी भरून आणायचा," वॉल्टर म्हणाला. "जुनी स्वतः उडवून टाकायचा. म्हणायचा, मित्राला शिळं कसं द्यायचं?"

वॉल्टरनं मला बाकावर बसवलं, कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवले, रिव्हॉल्व्हर कसं धरायचं ते दाखवलं. मुठीच्या नक्षीत अजून कुंकू होतं. मी सहा बार काढले. कागदाला एकच लागला, तोही कोपऱ्यात. धक्का खरंच हलका होता, कुणी दार वाजवावं एवढाच. दिग्यानं शब्द पाळला होता. मीही माझा पाळला होता, त्याच्या घरात पाय न ठेवण्याचा.

शेजारचा बाक रिकामाच होता. डबीत अजून बरीच काडतुसं आहेत. ती डबी मी घरी आणली नाही, वॉल्टरनं ती पुन्हा त्याच फळीवर ठेवली, पट्टी समोर करून. दर शनिवारी तिथे येणाऱ्या लोकांच्या नजरेला ती पडते. पण त्यावर काय लिहिलंय ते वाचता येणारा आता मी एकटाच आहे.